जागा बदलली, पत्ता तोच

रोडपाली हे गाव कळंबोलीचे सिडको सेक्टर आणि तळोज्याची औद्योगिक वसाहत यांच्या मधोमध आहे. लोखंड-पोलाद बाजाराचे ट्रक एका अंगाला, कारखान्यांच्या शेड दुसऱ्या अंगाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि पनवेल तालुक्यात कंटेनरच्या वाटेवर गोदामं वाढत गेली. अशा मोठ्या गोदामात माल मोजणारा माणूस हातात बारकोड स्कॅनर घेऊन दिवसभर चालत असतो. सकाळी त्याने एकदा लॉगिन केलं की स्कॅनर आणि मुख्य संगणक यांच्यात एक धागा जोडला जातो आणि प्रत्येक खोक्याची नोंद त्या धाग्यावरून जाते. हा माणूस एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये गेला आणि स्कॅनर अडकला, तर तो पहिल्यांदा सिग्नलच्या रेघा बघतो. रेघा पूर्ण असतात, वाय-फायचं नाव तेच असतं, पण नोंद पुढे सरकत नाही. पुन्हा लॉगिन, पुन्हा पहिल्या खोक्यापासून मोजणी.

यात रेडिओलहरींचा काहीच दोष नाही. दोष आहे पत्त्याच्या रचनेत, आणि ती रचना वाय-फायपेक्षा बरीच जुनी आहे.

सप्टेंबर १९८१ मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचं जे मानक जॉन पोस्टेल यांनी संपादित करून प्रसिद्ध केलं, त्यात प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता दिला गेला. या एकाच पत्त्यावर दोन कामं लादलेली होती. हे यंत्र कोणतं, हे तो सांगतो आणि हे यंत्र कुठे आहे, हेही तोच सांगतो. १९८५ मध्ये सबनेटची पद्धत आली. मोठ्या संस्थेचं जाळं मजल्यांप्रमाणे, इमारतींप्रमाणे छोट्या तुकड्यांत वाटायचं आणि पत्त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून राउटरने तुकडा ओळखायचा. त्या काळी संगणक टेबलावर ठेवला की वर्षानुवर्षं तिथेच राहायचा, त्यामुळे ‘कोण’ आणि ‘कुठे’ एकत्र बांधण्यात कुणाला काही गैर वाटलं नाही. मला हा निर्णय आजही चुकीचा वाटत नाही. त्या साधेपणामुळेच राउटर स्वस्त झाले आणि जाळं जगभर पसरलं.

गंमत अशी की त्याच १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने काही रेडिओपट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. पुढची अडचण निर्माण करणाऱ्या दोन्ही गोष्टी अशा एकाच वर्षी, एकमेकींची दखल न घेता जन्मल्या. मोकळ्या पट्ट्यांचा व्यापारी फायदा गल्ल्याची यंत्रं विकणाऱ्या एनसीआर कंपनीला दिसला. मोठ्या दुकानांत काउंटरची मांडणी सारखी बदलायची आणि दर वेळी केबल उखडून पुन्हा टाकावी लागायची. एनसीआरच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी त्यावर ‘वेव्हलॅन’ नावाची बिनतारी जोडणी तयार केली. त्याच गटातले विक हेज पुढे वाय-फायच्या ८०२.११ या मानकाच्या समितीचे दहा वर्षं अध्यक्ष राहिले.

लॅपटॉप हलके होऊ लागले तसा १९९० नंतर पत्त्याचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जॉन इओअ‍ॅनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालत्या संगणकासाठी आयपीवर आधारलेली एक पद्धत मांडली. १९९३ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या एका परिसंवादात प्रवीण भागवत आणि चार्ल्स पर्किन्स यांनी आपली पद्धत सादर केली. भागवत आयआयटी कानपूरमधून शिकून मेरिलंड विद्यापीठात संशोधन करत होते आणि पर्किन्स आयबीएममध्ये होते. या जोडीची नावं लक्षात ठेवावीत, कारण त्यातलं एक टोक पुढे पुण्याला येऊन पोहोचतं.

त्यांनी आयपीमध्ये आधीपासून असलेली पण फारशी कुणी न वापरलेली एक सोय उचलली. माहितीच्या पाकिटावर अंतिम पत्त्याबरोबर ‘आधी अमुक ठिकाणी थांब’ असं लिहिता येतं. युक्ती सुटसुटीत होती, पण अशा जास्तीच्या सूचना असलेलं पाकीट आलं की तेव्हाचे राउटर रेंगाळायचे. म्हणून ऑक्टोबर १९९६ मध्ये पर्किन्स यांच्याच संपादनाखाली ‘मोबाइल आयपी’चं जे मानक निघालं, त्यात दुसरा मार्ग धरला गेला, पाकिटात पाकीट घालण्याचा. रोडपालीच्या गावठाणातला एखादा मुलगा सेक्टरातल्या टॉवरमध्ये राहायला गेला, पण पत्रं जुन्या घरीच येत राहिली आणि घरच्यांनी ती नव्या लिफाफ्यात घालून टॉवरच्या पत्त्यावर धाडली, तसाच हा प्रकार. यंत्राचा घरचा पत्ता कायम राहतो, मुक्कामाचा पत्ता बदलत राहतो आणि घरी बसलेला एक प्रतिनिधी येईल ते पाकीट गुंडाळून पुढे पाठवतो.

कागदावर ही योजना देखणी होती, पण कचेऱ्यांत ती रुजली नाही. पहिलं कारण अगदी व्यवहारी होतं. प्रत्येक लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर हवं होतं आणि विंडोजमध्ये ते आयतं मिळत नव्हतं. दुसरं कारण जास्त बोचरं आहे. यंत्र परक्या सबनेटमध्ये बसून घरच्या पत्त्याने पाकिटं पाठवायचं. नेमक्या त्याच वर्षांत खोट्या पत्त्यांनी होणारे हल्ले वाढले आणि इंटरनेट सेवा देणाऱ्यांना सल्ला दिला जाऊ लागला, की ज्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या हद्दीतला नाही ते टाकून द्या. प्रामाणिक प्रवासी आणि तोतया राउटरला सारखेच दिसत होते. यावर परतीचा मार्गही घरूनच नेण्याचा उपाय १९९८ मध्ये निघाला, पण तोवर लोकांनी दुसरी वाट धरली होती.

ती वाट म्हणजे प्रश्न उद्भवूच द्यायचा नाही. १९९७ मध्ये संमत झालेल्या ८०२.११ मानकाने एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून, म्हणजे सिग्नल देणाऱ्या एका पेटीवरून, दुसऱ्यावर जाण्याची सोय केली, मात्र दोन्ही अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच सबनेटमध्ये आहेत हे गृहीत धरून. सबनेट ओलांडणं मानकाच्या कक्षेबाहेर राहिलं. मग सगळी इमारत, नाहीतर सगळं आवारच, एका सबनेटमध्ये का घालू नये? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने मानक येण्याआधीच, १९९४ पासून, ‘वायरलेस अँड्र्यू’ हे बिनतारी जाळं उभं राहिलं, तेव्हा हाच मार्ग निवडला गेला. विद्यार्थी लॅपटॉप घेऊन एका इमारतीतून दुसरीत गेला तरी पत्ता बदलायचा नाही.

शेकड्यांनी यंत्रं असेपर्यंत हे छान चाललं. पण एका सबनेटमध्ये प्रत्येक यंत्राची काही हाळी सगळ्यांना ऐकावी लागते. ‘हा पत्ता कुणाचा आहे?’ असं विचारणारी पाकिटं तारेवर जाणवत नाहीत. हवेत मात्र ती कमी वेगाने, सर्वांचा वेळ खात जातात. यंत्रं हजारांत गेली की हवा या हाळ्यांनीच भरते. एका मजल्यावर स्विचची जोडणी चुकून गोल फिरली तर सगळं आवार एकदम बंद. तारांचं जाळं सबनेटमध्ये का तोडलं होतं, हे नेटवर्कवाल्यांना दहा वर्षांनी पुन्हा समजलं.

२००१ च्या सुमारास आणखी दोन दडपणं आली. वाय-फायची मूळ कुलूपव्यवस्था, म्हणजे वेप, फुटली आणि प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटवर सर्व्हरकडून रीतसर ओळख पटवून घेण्याची नवी पद्धत आली. त्यात वेळ जाऊ लागला. दुसरीकडे इस्पितळं आणि गोदामं वाय-फायवर बोलायचे फोन मागू लागली. ईमेल दोन सेकंद उशिरा आलं तर कळत नाही, आवाज पाव सेकंद अडकला तरी समोरचा ‘हॅलो, हॅलो’ करू लागतो. चालता चालता नवा पत्ता मागून घेणं आता परवडणारं नव्हतं.

२००२ साली सिंबॉल या स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने वायरलेस स्विच बाजारात आणला. एअरस्पेस ही कंपनी २००१ मध्ये आणि अरुबा २००२ मध्ये स्थापन झाली होती. तिघांचा विचार एकच होता. अ‍ॅक्सेस पॉइंटची अक्कल काढून घ्यायची, त्याला फक्त रेडिओ ठेवायचं आणि सगळा हिशेब एका कंट्रोलरवर न्यायचा. २००५ मध्ये सिस्कोने सुमारे ४५ कोटी डॉलर मोजून एअरस्पेस विकत घेतली आणि पुढची दहा-पंधरा वर्षं मोठ्या कचेऱ्यांचं वाय-फाय म्हणजे कंट्रोलर हे समीकरण पक्कं झालं.

सबनेट ओलांडण्याचा प्रश्न या रचनेत कसा सुटला ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या शेडचा कारभार कंट्रोलर ‘अ’कडे आहे आणि तिथलं सबनेट १०.२०.१ ने सुरू होतं. दुसऱ्या शेडचा कारभार ‘ब’कडे, सबनेट १०.२०.२. स्कॅनर दुसऱ्या शेडमध्ये शिरतो आणि तिथल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला चिकटतो. ‘ब’ आपल्या गटातल्या सगळ्या कंट्रोलरना विचारतो, ‘या यंत्राला कुणी ओळखतं का?’ ‘अ’ सांगतो, ‘माझ्याकडे नोंद आहे.’ दोघांचं सबनेट एकच असतं तर ‘अ’ने नोंद ‘ब’कडे सोपवून हात झटकले असते. इथे सबनेट वेगळं आहे. म्हणून ‘अ’ नोंद स्वतःकडे ठेवतो, तिच्यावर ‘अँकर’ अशी खूण करतो आणि एक प्रत ‘ब’ला देतो, तिच्यावर ‘फॉरेन’. यापुढे स्कॅनरसाठी आलेलं प्रत्येक पाकीट ‘अ’कडे येतं, तिथे गुंडाळलं जातं आणि दोन कंट्रोलरमधल्या बोगद्यातून ‘ब’कडे जातं. स्कॅनरला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने तो अजून पहिल्याच शेडमध्ये आहे.

हा पर्किन्स-भागवतांच्या पिढीचाच विचार आहे. फरक इतकाच की लॅपटॉपमध्ये काही बसवायचं नव्हतं. प्रवाशाला अनभिज्ञ ठेवून सगळा भार जाळ्याने उचलला, आणि माझ्या मते मोबाइल आयपी जिथे अडला तिथे कंट्रोलर जिंकला तो एवढ्याच कारणाने.

जुनी चूक मात्र पुन्हा झाली. सिस्कोच्या सुरुवातीच्या पद्धतीत येणारी पाकिटं बोगद्यातून यायची, जाणारी पाकिटं ‘ब’कडून थेट बाहेर पडायची. वाट वाचावी हा हेतू. पण १०.२०.२ च्या दारातून १०.२०.१ चा पत्ता बाहेर पडताना दिसला की फायरवॉल ते पाकीट टाकायचं. १९९८ साली इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या दारात जे घडलं तेच आता कचेरीच्या आत घडत होतं. पुढच्या आवृत्त्यांत दोन्ही दिशांची पाकिटं बोगद्यातूनच नेण्याची पद्धत रूढ झाली.

हे सगळं उभं करणाऱ्या माणसाच्या वाट्याला आलेलं काम कागदावर सोपं होतं. गटाचं नाव सगळ्या कंट्रोलरवर अक्षरशः एकच हवं, वाय-फायचं नाव आणि सुरक्षेची मांडणी दोन्हीकडे सारखी हवी आणि मधल्या फायरवॉलने दोन गोष्टी सोडायला हव्यात: कंट्रोलरच्या आपसातल्या निरोपांसाठी यूडीपीचा १६६६६ क्रमांकाचा पोर्ट आणि प्रत्यक्ष पाकिटांच्या बोगद्यासाठी ९७ क्रमांकाचा प्रोटोकॉल. फायरवॉल सांभाळणारा पोर्ट उघडायचा, प्रोटोकॉल विसरायचा. मग कंट्रोलर एकमेकांना ओळखायचे, नोंदी बदलायच्या, पडद्यावर सगळं हिरवं दिसायचं आणि स्कॅनर मात्र मुका. यासाठी सिस्कोने दोन वेगळ्या तपासण्या दिल्या होत्या, निरोपांसाठी एमपिंग आणि बोगद्यासाठी ईपिंग. पहिली पास आणि दुसरी नापास झाली की दोष कुठे आहे ते लगेच कळायचं.

सगळ्या कंट्रोलरना आणखी एक समान, खोटा पत्ता लागायचा, लॉगिनचं पान दाखवण्यासाठी. पुस्तकातल्या उदाहरणांत तो १.१.१.१ असायचा आणि लोकांनी तोच जसाच्या तसा उतरवला. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ या खऱ्या पत्त्यावर आपली सार्वजनिक सेवा सुरू केली आणि कित्येक कचेऱ्यांतून ती दिसेना, कारण तिथे तो पत्ता आपल्याच कंट्रोलरने बळकावलेला होता.

भारतात ही कहाणी उशिरा सुरू झाली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये आले. त्यानंतर वाय-फाय राउटर घराघरांत शिरले, बहुतेक विनाकुलूप. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायपर्यंत पोहोचला. तिथे राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. सप्टेंबरातल्या दिल्ली स्फोटांच्या ईमेलचा माग चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायपर्यंत गेला. आयपी पत्ता जागा दाखवतो, माणूस दाखवत नाही, हे तेव्हा पोलिसांना आणि वाचकांना एकदमच कळलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याविषयी सूचना काढल्या.

अँकरच्या पद्धतीला याचा एक अनपेक्षित फायदा झाला. माणूस आवारात कुठेही फिरो, त्या दिवसापुरता एक माणूस आणि एक पत्ता अशी नोंद राहते. पत्ता शेडगणिक बदलत गेला तर तीच नोंद चार तुकड्यांत विखुरते आणि घड्याळं जुळवत ती सांधावी लागते.

वाय-फायच्या पहाऱ्याचं काम करणारी एक कंपनी तेव्हा पुण्यात वाढत होती. अमेरिकेहून परतलेले तेच प्रवीण भागवत एअरटाइट नेटवर्क्सचे संस्थापक होते आणि कंपनीचं संशोधन पुण्यात चालायचं. आवारात कुणी चोरून लावलेला अ‍ॅक्सेस पॉइंट हवेतूनच ओळखायचा आणि अडवायचा, ही तिची खासियत. पुढे तिने सगळं वाय-फायच कंट्रोलरशिवाय, क्लाउडवरून चालवायला घेतलं. २०१६ मध्ये तिचं नाव मोजो नेटवर्क्स झालं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या अरिस्ता कंपनीने ती विकत घेतली.

२०१६ हे साल पनवेलकरांनाही आठवत असेल. जानेवारीत मुंबई सेंट्रलला रेल्वेची रेलटेल आणि गूगलचं मोफत वाय-फाय सुरू झालं आणि ऑगस्टपर्यंत ते पनवेल स्टेशनवरही आलं. फलाटावर वेग झकास होता, पण गाडी सुटली की वाय-फायही सुटायचं. त्यानंतर काही दिवसांतच, ५ सप्टेंबरला, जिओचं ४जी आलं. त्यात फोनचा पत्ता प्रत्येक टॉवरबरोबर बदलत नाही. तो दूरच्या एका दारावर खुंटीला बांधलेला असतो आणि खांदेश्वर, मानसरोवर, खारघर अशी स्टेशनं मागे पडली तरी बोगदा फक्त नव्या टॉवरकडे वळतो. कचेरीतला अँकर आणि मोबाइल कंपनीचं हे दार ही एकाच विचाराची दोन रूपं. फुकट आणि न तुटणारा डेटा हातात आल्यावर फलाटावर थांबून वाय-फाय कोण शोधणार? फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने स्टेशनांवरची आपली योजना गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि डेटा स्वस्त झाल्याचं कारण दिलं. रेलटेलने आपली सेवा चालू ठेवली.

कचेऱ्यांत कंट्रोलरचं राज्यही एव्हाना ढासळू लागलं होतं. अ‍ॅक्सेस पॉइंटचा वेग इतका वाढला की सगळी पाकिटं एका पेटीतून नेणं महाग पडू लागलं, आणि ती पेटी बंद पडली तर सगळं आवार बंद. सकाळी गेटजवळच्या शेडमध्ये शंभर जणांनी लॉगिन केलं की ते दिवसभर त्याच अँकरला बांधलेले, मग ते शेवटच्या शेडमध्ये का बसेनात. त्यांचं प्रत्येक पाकीट गेटपर्यंत जाऊन परत यायचं. कंट्रोलर हटला, पण बोगदा उरला. मेराकी, एरोहाइव्ह या कंपन्यांनी तो थेट अ‍ॅक्सेस पॉइंट ते अ‍ॅक्सेस पॉइंट काढला. २०१४ मध्ये डेटा सेंटरसाठी व्हीएक्सलॅन नावाची पाकिटात पाकीट घालण्याची पद्धत प्रसिद्ध झाली होती, अरिस्ताच्या वाय-फायमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंटपासून स्विचपर्यंत तीच वापरता येते. पुण्याच्या गटाचं काम ज्या कंपनीत विलीन झालं तिथे १९९३ चा प्रश्न अशा नव्या लिफाफ्यात पोहोचला.

रोडपाली-तळोज्याच्या पट्ट्यात आज कुणी चार शेडचं वाय-फाय नव्याने उभं करायला घेतलं, तर जाणता नेटवर्कवाला आधी विचारतो की माणसं शेड ओलांडून खरंच चालतात का. चालत नसतील तर प्रत्येक शेडला वेगळं सबनेट द्यायचं आणि बोगद्याच्या भानगडीत पडायचं नाही. चालत असतील आणि यंत्रं काहीशेच असतील तर स्कॅनरपुरतं एकच सबनेट चारही शेडमध्ये ताणायचं आणि अ‍ॅक्सेस पॉइंटवर हाळ्या अडवायच्या. फोनवर बोलणं असेल आणि यंत्रं हजारांत असतील तरच अँकरचा खटाटोप. वाय-फायचं नाव मात्र चारही शेडमध्ये एकच ठेवायचं. २०२० पासून आयफोन प्रत्येक वाय-फायच्या नावाला आपली वेगळी, बनावट ओळख देतात, अँड्रॉइडने ते एक वर्ष आधीच सुरू केलं होतं. नाव बदललं की तोच फोन दुसऱ्या शेडला पूर्ण अनोळखी दिसतो, आणि अनोळखी यंत्राची जुनी नोंद कुठल्याच कंट्रोलरकडे सापडत नाही.